एका पिशवीत दोन बाटल्या

पुण्यातल्या एका ॲक्वेरियमच्या दुकानात, शनिवार संध्याकाळच्या गर्दीत, एक गृहस्थ दोन बाटल्या घेऊन गेले. एकीवर लिहिलं होतं की आत कोट्यवधी जिवंत बॅक्टेरिया आहेत. दुसरी वाळूवरचा लाल थर घालवणारी, म्हणजे बॅक्टेरिया मारणारी. दुकानदाराने दोन्ही एकाच पिशवीत घातल्या, "आधी ही टाका, दोन दिवसांनी ती," असं सांगितलं आणि तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. गृहस्थांनी मान डोलावली. आजूबाजूला उभ्या असलेल्या कोणालाच काही खटकलं नाही. खटकण्यासारखं खरं तर एवढंच होतं, की मारणारी बाटली सोडलेल्यांना ओळखणार कशी?

रीफ टँकवाल्यांच्या, म्हणजे घरी खाऱ्या पाण्याच्या टाकीत प्रवाळ पाळणाऱ्यांच्या, बोलण्यात बॅक्टेरियांचे 'चांगले' आणि 'वाईट' असे दोन पक्ष असतात. टाकीत ते तसे नसतात. टाकीत खाद्य म्हणून व्होडका घातल्यावर (का, ते पुढे येईल) जे नायट्रेट आणि फॉस्फेट खाऊन पाणी स्वच्छ करतात, तेच हात जरा सैल सुटला की पाणी दुधाळ करतात आणि रात्रीतून ऑक्सिजन संपवतात. प्रवाळाच्या अंगावरच्या चिकट स्रावात एरवी गुण्यागोविंदाने राहणारा व्हिब्रिओ पाणी तापलं की त्याच प्रवाळाचं मांस सोलून काढतो. आपल्या हातात असतात तीन गोष्टी: त्यांचं खाणं, बसायची जागा आणि ऑक्सिजन. बाटलीने यादीत नावं घालता येतात. टिकणार कोण, ते या तिघांवर ठरतं.

बाटलीवरचा आपला विश्वास बहुधा स्वयंपाकघरातून आलेला आहे. विरजण लावलं, उबेला ठेवलं, सकाळी दही. पण दह्याचे जिवाणू तासाभराच्या आतबाहेर दुप्पट होतात; टाकीत माशांच्या घाणीतून येणारा विषारी अमोनिया खाणाऱ्यांना दुप्पट व्हायला सगळं अनुकूल असतानाही अर्धा ते एक दिवस लागतो. ते अमोनिया जाळून मिळणाऱ्या तुटपुंज्या ऊर्जेवर, पाण्यातल्या कार्बोनेटपासून आपलं शरीर घडवतात. त्यांना घाई करता येत नाही. शिवाय ते बीजाणू करत नाहीत, त्यामुळे सुकवून पुडीत भरता येत नाहीत. बाटलीवर 'बॅसिलस' लिहिलेलं असेल तर आत बीजाणू आहेत. ते वाळूतला गाळ खातील, पण अमोनियाचं नायट्रेट करण्याचं काम त्यांचं नव्हे. 'नायट्रोसोमोनास' आणि 'नायट्रोस्पायरा' लिहिलेलं असेल तर बाटली जिवंत हवी, म्हणजे एप्रिलच्या उन्हात कुरिअरच्या गाडीत तीन दिवस भाजून आलेली नको. पुष्कळ लेबलांवर, नायट्राइटचं नायट्रेट करणारा म्हणून, अजून 'नायट्रोबॅक्टर' छापलेलं दिसतं. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात मत्स्यटाक्यांचे नमुने नव्या जनुकीय पद्धतींनी तपासले गेले, तेव्हा अपेक्षित नायट्रोबॅक्टर काही सापडेना. ती जागा नायट्रोस्पायराने घेतलेली निघाली. आणि २००५ मध्ये सिॲटलच्या सार्वजनिक मत्स्यालयातल्या एका उष्णकटिबंधीय खाऱ्या टाकीच्या तळातून जो अमोनिया खाणारा जीव वेगळा काढला गेला, नायट्रोसोप्युमिलस मॅरिटिमस, तो तर बॅक्टेरियाच नव्हता. तो आर्किया, म्हणजे बॅक्टेरियांहून वेगळ्याच कुळातला सूक्ष्मजीव. पुढे कळलं की महासागरांत अमोनिया खाण्याचं मोठं काम त्याचेच भाऊबंद करतात. असा महत्त्वाचा जीव एखाद्या दूरच्या खोल दरीत न सापडता टाकीच्या तळाशी सापडावा, ही या छंदातल्या लोकांनी मिरवावी अशी गोष्ट. पण ती कोणी सांगताना दिसत नाही.

बाटली जिवंत आहे का, हे बघायला टाकी पणाला लावायची गरज नाही. स्वच्छ बादलीत दहा लिटर खारं पाणी, एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड), तापमान २६–२८ अंश. अमोनिया १ पीपीएमपर्यंत (लिटरमागे एक मिलिग्रॅम) न्यायचा, बाटलीतला प्रमाणशीर डोस घालायचा आणि रोज टेस्ट करायची. दोन-तीन दिवसांत आकडा स्पष्ट खाली आला तर आत कोणीतरी आहे. आठवडा उलटूनही हलला नाही तर पैसे पाण्यात, शब्दशः.

टाकी सायकल करायची, म्हणजे अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं नायट्रेट करणारे जिवाणू तिच्यात वसवायची, रीतही अशीच, फक्त धीर जास्त लागतो. पूर्वी एखादा डॅमसेल मासा टाकून त्याच्या जिवावर सायकल करत. आता त्याची गरज नाही. अमोनियम क्लोराइड, म्हणजे नवसागर, प्रयोगशाळेच्या दर्जाचा घ्यावा. कल्हईसाठी मिळणारा नको. त्यात धातूंचे अंश असू शकतात आणि तांबट आळीत ज्या धातूचा रोज नाद घुमतो तो प्रवाळांना आणि कोळंब्यांना अगदी थोडासाही चालत नाही. शंभर लिटर पाण्यात अमोनिया २ पीपीएम करायला साधारण ०.६३ ग्रॅम नवसागर पुरतो. मोजताना टाकीचं माप न धरता खरं पाणी धरावं. दगड आणि वाळू बरीच जागा खातात. हा २ पीपीएम अमोनिया चोवीस तासांत शून्य होऊ लागला आणि नायट्राइटही मागे उरेनासा झाला की मासे आणण्याचा विचार करावा. मधल्या काळात नायट्राइट जास्त असताना नायट्रेटची टेस्ट खोटा मोठा आकडा दाखवते, तो मनावर घेऊ नये. खाऱ्या पाण्यात क्लोराइड भरपूर असल्यामुळे नायट्राइट माशांना गोड्या पाण्याइतका घातक नसतो. अमोनियाचं मात्र तसं नाही. पीएच ८.२ आणि पाणी २६ अंश असताना एकूण अमोनियाचा सात-आठ टक्के भाग विषारी रूपात असतो.

या सगळ्या हिशोबात ऑक्सिजन सहसा विसरला जातो. तेवढ्या २ पीपीएम अमोनियाचं पूर्ण नायट्रेट व्हायला लिटरमागे सुमारे सात मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो. २६ अंशांच्या खाऱ्या पाण्यात, समुद्रसपाटीला, मावतोच साडेसहा-पावणेसात मिलिग्रॅम. पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर असल्याने हवेचा दाब सहा-साडेसहा टक्क्यांनी कमी, म्हणजे इथे सव्वासहाच्या आसपास. पाणी ३० अंशांना गेलं की सहाच्याही खाली. म्हणजे नुसत्या सायकलिंगसाठी टाकीतला सगळा ऑक्सिजन संपवून वर थोडा लागतो. पाण्याचा पृष्ठभाग सतत ढवळता नसेल तर बॅक्टेरिया उपाशी नसतात, गुदमरलेले असतात, आणि मालक मात्र आणखी एक बाटली आणायला निघालेला असतो. याच प्रक्रियेत अल्कलिनिटीही, म्हणजे पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद, ०.६–०.७ डीकेएच (तिचं एकक) खाली येते. ती घसरत राहिली तर पीएच पडतो आणि काम आणखी मंदावतं.

दगडांची गोष्ट वेगळी. समुद्रातून आलेला लाइव्ह रॉक सोबत हे सगळं गणगोत घेऊन येतो, पण आपल्या समुद्रातली प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणला गेलो की दोन दगड डिकीत टाकून आणू, हा विचार गुन्ह्यात मोडतो. त्यामुळे इथल्या बहुतेक नव्या टाक्या कोरड्या, पांढऱ्याशुभ्र दगडांवर उभ्या राहतात. फोटोत छान दिसतात. अडचण तिथेच सुरू होते, कारण पहिले चार-सहा महिने त्या पांढऱ्या दगडावर कोणाचाच हक्क नसतो आणि जो आधी येईल तो पसरतो. एखाद्या जुन्या, रोगमुक्त टाकीतला मूठभर दगडाचा तुकडा किंवा कपभर वाळू मिळाली तर ती कुठल्याही बाटलीपेक्षा मोलाची. तिच्यासोबत ऐप्टेशिया हा भराभर पसरणारा उपद्रवी समुद्रफुलाचा प्रकारही येऊ शकतो. तो धोका पत्करण्यासारखा असतो असं माझं मत. पुण्यातल्या निम्म्या रीफवाल्यांना ते मान्य होणार नाही.

आता लाल थराकडे. वाळूवर मखमली, वाइनच्या रंगाची साय, दुपारनंतर तिच्यात चांदीचे बुडबुडे, टोक धरून ओढली तर अख्खी चादर उचलून येते: हा सायनोबॅक्टेरिया. दुकानात त्याला 'रेड स्लाइम अल्गी' म्हणतात, पण ते अल्गी, म्हणजे शेवाळ, नव्हे. पृथ्वीवर ऑक्सिजन भरणाऱ्यांच्या घराण्यातला आहे, त्यामुळे बुडबुड्यांचं नवल नाही. याच्या काही जाती पाण्यात विरघळलेला नायट्रोजन वायू स्वतःच पकडू शकतात. म्हणजे नायट्रेट शून्यावर आणून आपण बाकी सगळ्यांचं जेवण बंद करतो आणि ज्याला त्या जेवणाची गरजच नाही त्याला मोकळं रान देतो. गेल्या काही वर्षांत 'शून्य नायट्रेट, शून्य फॉस्फेट' ही जी प्रतिष्ठेची गोष्ट होऊन बसली आहे, तिने जेवढ्या टाक्या बिघडवल्या तेवढ्या घाणीनेही बिघडवल्या नसतील. नायट्रेट ५ ते १० आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम असलं की प्रवाळ रंग धरतात आणि दगडावर विविध वस्ती टिकते. नायट्रेट खरोखरच शून्य असेल तर प्रयोगशाळेच्या दर्जाचं सोडियम नायट्रेट वापरावं. शंभर लिटरला ०.१४ ग्रॅम घातलं की १ पीपीएम वाढतो. दिवसाला त्याहून जास्त वाढवू नये.

थर काढायला सहा मिलिमीटरची एअरलाइनची नळी पुरते. पाणी बदलताना चादर ओढून घ्यायची, मोठ्या नळीने वाळूच जास्त येते. मग तिथला प्रवाह बघायचा. सायनो बहुधा प्रवाह मंद असलेल्या कोपऱ्यातच जाड होतो, कारण त्याच्या चादरीखालचा गाळ कुजत त्याला फॉस्फेट पुरवत राहतो. एक पॉवरहेड (टाकीत प्रवाह करणारा पंप) दहा अंश वळवल्याने जे झालं ते औषधाने झालं नाही, असं अनेक टाक्यांत दिसतं. गोठवलेलं खाद्य वितळलेल्या पाण्यासकट टाकीत ओतण्याऐवजी गाळणीत धुऊन घालावं. तीन दिवस दिवे बंद ठेवणं हा शेवटून दुसरा उपाय. प्रवाळ तेवढं सोसतात, फक्त मरणाऱ्या सायनोमुळे ऑक्सिजन खाली जातो म्हणून स्किमर (फेसावाटे पाण्यातली घाण बाहेर काढणारं यंत्र) आणि एअरस्टोन चालूच हवेत.

पण हे सगळं करण्याआधी तो सायनोच आहे का ते बघावं. तपकिरी, शेंबडासारख्या तारा, टोकाला बुडबुडे, रात्री गायब आणि सकाळी दिवा लागला की पुन्हा हजर: हे डायनोफ्लॅजिलेट, थोडक्यात डायनो, हे एकपेशीय जीव. बॅक्टेरिया अजिबात नव्हेत आणि सायनोचं औषध त्यांना लागत नाही. उलट स्पर्धक मेल्याने ते फोफावतात. थोडा थर बाटलीतल्या पाण्यात घेऊन जोरात हलवावा, कॉफी फिल्टरमधून गाळावा आणि ते गाळलेलं पाणी तासभर उजेडात ठेवावं. पुन्हा एकत्र येऊन तारा जमल्या तर डायनो. नातवंडांसाठी घेतलेल्या ४०० पट दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकात तर शंकाच राहत नाही. त्यांच्यातला ऑस्ट्रिऑप्सिस दोरीला बांधल्यासारखा स्वतःभोवती गोल फिरतो. तो रात्री पाण्यात तरंगतो म्हणून पाणी ज्याच्यापुढून फिरवतात तो यूव्ही (अतिनील) दिवा उपयोगी पडतो. मोठ्या पेशींचा ॲम्फिडिनियम वाळूतच बसून राहतो, त्याला यूव्हीची फिकीर नाही.

व्होडकाचं प्रकरण घरच्यांना समजावणं हे टाकी सांभाळण्यापेक्षा कठीण असावं. फिश टँकच्या खालच्या कपाटात मिठाच्या बादलीशेजारी क्वार्टर ठेवलेली, आणि ती म्हणे माशांसाठी. कारण साधं आहे. हेटेरोट्रॉफ, म्हणजे तयार सेंद्रिय अन्नावर जगणाऱ्या, बॅक्टेरियांना कार्बन, नायट्रोजन आणि फॉस्फरस तिन्ही लागतात. टाकीत शेवटचे दोन साचतात, वापरता येण्याजोगा कार्बन कमी पडतो. तो दिला की ते वाढतात, वाढताना नायट्रेट-फॉस्फेट शोषतात आणि स्किमर त्यांना बाहेर काढतो. स्किमर नसेल किंवा दुबळा असेल तर या वाटेला जाऊच नये. शंभर लिटरला दिवसाला ०.१ मिली व्होडकाने सुरुवात, तीन दिवसांनी ०.२ आणि नंतर आठवड्याला थोडी थोडी वाढ, तीही नायट्रेट बघून. आकडा उतरू लागला की वाढवणं थांबवून डोस निम्म्यावर आणायचा. कार्बनसाठी व्होडकाऐवजी व्हिनेगर वापरणाऱ्यांसाठी एक इशारा. परदेशी तक्ते ४० टक्क्यांची व्होडका आणि ५ टक्क्यांचं व्हिनेगर धरून एकास आठ असं प्रमाण देतात. आपल्याकडची व्होडका ४२.८ टक्के असते आणि किराणा दुकानातलं सिंथेटिक व्हिनेगर बऱ्याचदा ४ टक्क्यांच्या आसपास. कार्बनचा हिशोब केला तर १ मिली व्होडकाला ८ नव्हे, ११ मिली व्हिनेगर लागतं. उलट दिशेने, म्हणजे व्हिनेगरवरून व्होडकावर येताना, जुना आठचा भागाकार केला तर डोस जवळजवळ दीडपट होतो, आणि दुधाळ पाण्याची सुरुवात तिथून होते.

दुधाळ पाणी दिसलं की पहिलं काम डोस बंद, दुसरं हवा. पाणी गाळायचा सक्रिय कोळसा, पाणी बदल, यूव्ही हे नंतर. मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर वेळ फार कमी आहे.

हे सगळं गुरुवारी घडलं तर पंचाईत. महावितरणची देखभाल-दुरुस्ती गुरुवारी, पालिकेचं पाणी बंदही बरेचदा गुरुवारीच. वीज गेल्यावर टाकीतले मासे आणि बॅक्टेरिया एकाच ऑक्सिजनवर बसलेले असतात. कार्बन डोसिंग (व्होडका किंवा व्हिनेगर) चालू असलेली टाकी अर्थातच लवकर संपते. म्हणून ठरलेल्या कपातीच्या आदल्या दिवसापासून व्होडका बंद, सकाळचं खाणं बंद. बॅटरीवरचा एअर पंप दोन-तीनशे लिटरच्या टाकीला दुपार काढून देतो. इन्व्हर्टरवर फक्त एक पॉवरहेड ठेवावा, आणि इन्व्हर्टर साइन वेव्हचा नसेल तर पंपाची घरघर आणि तापणं लक्षात घ्यावं. कॅनिस्टर फिल्टर वापरत असाल तर वीज परत आल्यावर तो तसाच सुरू करू नका. बंद डब्यात कोंडलेल्या बॅक्टेरियांनी तिथला ऑक्सिजन केव्हाच संपवलेला असतो, आणि सडकं पाणी थेट टाकीत येतं. उघडा, वास घ्या, टाकीतल्याच खाऱ्या पाण्याने विसळा, मग लावा.

शुक्रवारी पाणी "उशिरा व कमी दाबाने" येतं आणि गढूळही. त्या दिवशी आरओ-डीआय, म्हणजे टाकीसाठी पाणी शुद्ध करणारं यंत्र, चालवलं तर सेडिमेंट फिल्टरचं आयुष्य दिवसात महिन्याने घटतं. शनिवारपर्यंत थांबावं. खडकवासल्याचं पाणी तसं हलकं आहे. टँकर आणि बोअरचं पाणी जड असतं, त्यात नायट्रेटही सापडतं, आणि सोसायटीची टाकी कधी कशाने भरली ते वॉचमनलाच ठाऊक. घरातला पिण्याचा आरओ चालणार नाही. त्यात चवीसाठी क्षार परत मिसळलेले असतात. डीआयनंतर टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा, शून्यच हवा.

वाळूबद्दल थोडकं. दोन-तीन सेंटिमीटर ठेवा आणि पाणी बदलताना एकेक पट्टा साफ करा, किंवा दहा सेंटिमीटरच्या वर ठेवा आणि हात लावू नका. मधली उंची दोन्हीकडून नडते. खोल वाळूत ऑक्सिजन संपतो तिथे नायट्रेटचा नायट्रोजन वायू होऊन निघून जातो, ही चांगली बाजू. त्याहून खाली सल्फेटवर जगणारे असतात. काचेतून दिसणारे काळे डाग आणि सडक्या अंड्यांचा वास त्यांचा. तो थर जागेवर असेपर्यंत सहसा निरुपद्रवी असतो. उकरला की हायड्रोजन सल्फाइड वर येतो आणि तासाभरात मासे आडवे. घर बदलताना जुनी वाळू तशीच नव्या टाकीत ओतण्याचा मोह पुष्कळांना होतो, कारण 'तिच्यात बॅक्टेरिया आहेत'. आहेत, पण ते हे.

मार्च ते मे व्हिब्रिओचे दिवस. व्हिब्रिओ कोरलिलिटिकस या जिवाणूवरच्या प्रयोगांत पोसिलोपोरा हे प्रवाळ २२ अंशांखाली तगलं, २७ च्या वर त्याच्या ऊती विरघळू लागल्या. ३९ अंशांच्या दुपारी फ्लॅट बंद करून ऑफिसला गेलेल्या माणसाची टाकी संध्याकाळी ३० वर असते, ऑक्सिजन सर्वात कमी आणि व्हिब्रिओ सर्वात जोरात. पंखे लावले तर बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात, कारण पुण्याचा उन्हाळा कोरडा. जुलैत तेच पंखे नुसती हवा हलवतात. ॲक्रोपोरा या फांद्यांच्या प्रवाळाच्या बुडापासून ऊती पांढऱ्या सुटायला लागल्या तर निरोगी टोकं एक सेंटिमीटर वर कापून वेगळी करावीत. आयोडीनच्या बुडवणीचा उपयोग होतो तेव्हा होतो.

शेवटचा उपाय म्हणून अनेकजण एरिथ्रोमायसिनच्या गोळ्या कुटून घालतात. सायनो जातोही. पण हे माणसांचं औषध आहे, आणि दर पाणीबदलाला शंभर लिटर अँटिबायोटिक मिसळलेलं पाणी मोरीतून मुठेकडे जातं. ज्या शहरात पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या संग्रहात आणि आघारकर संशोधन संस्थेत जिवाणूंचे नमुने वर्षानुवर्षं जपून ठेवले जातात, त्या शहराच्या गटारात प्रतिकारक्षम जिवाणूंची पैदास एका हौसेसाठी वाढवू नये असं वाटतं. वापरायचंच ठरलं तर स्किमरचा कप काढून तो नुसता हवेसाठी चालू ठेवावा, यूव्ही आणि सक्रिय कोळसा बंद, आणि अमोनिया रोज मोजावा.

राहिले आपले हात. खाऱ्या आणि गोड्या दोन्ही टाक्यांत मायकोबॅक्टेरियम मरायनम असतो. दगडाने खरचटलेल्या बोटातून तो आत शिरतो आणि दोन-चार आठवड्यांनी तिथे न दुखणारी लालसर गाठ येते, मग मनगटाकडे सरकत आणखी गाठी. कोपरापर्यंतचे हातमोजे दोनशे-तीनशे रुपयांचे आहेत. जखम असताना हात घालू नये, सायफन तोंडाने ओढू नये. आणि अशी गाठ घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे गेलात तर घरात मत्स्यटाकी आहे हे न विचारता सांगा. हा जिवाणू ३० अंशांच्या आसपास वाढतो. प्रयोगशाळेला ते कळवलं नाही तर नमुना नेहमीसारखा ३७ अंशांवर ठेवला जातो आणि रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो.